धुंचे गावातून गोसाईंकुंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोसाईंकुंड नेमकं कुठे आहे? आणि सुरुवात धुंचेपासूनच का करायची?

नेपाळच्या रसुवा जिल्ह्यात, लांगटांग राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. काठमांडूच्या उत्तरेला. तलाव ४३८० मीटर उंचीवर आहे. तो एकटा नाही, आसपास सरस्वती कुंड, भैरव कुंड, सूर्य कुंड अशी बरीच लहानमोठी कुंडं आहेत. श्रद्धाळू लोक १०८ कुंडं मानतात. २००७ साली हा सगळा परिसर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला.

धुंचे हे जिल्ह्याचं मुख्य गाव, उंची सुमारे २००० मीटर. काठमांडूहून थेट गाडी येते, लॉज आहेत, दुकानं आहेत, आणि गावाबाहेर पडलं की वाट सुरू. स्याफ्रुबेसीवरून ठूलो स्याफ्रु या तामांग गावातून येणारी दुसरी वाटही सुंदर आहे. ती चंदनबारीला याच वाटेला मिळते.

आम्ही कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग केलेत. मग गोसाईंकुंड अवघड जाईल का?

पायांना फारसं नाही. वाट मळलेली आहे, दोर लागत नाही, कातळटप्पे नाहीत. अलंग-मदनचे टप्पे चढलेल्या माणसाला इथे तांत्रिक असं काही सापडणार नाही.

पण कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे. म्हणजे धुंचे गावात ज्या खोलीत तुम्ही पहिल्या रात्री झोपणार, ती खोलीच महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंचावर आहे. सह्याद्रीत कितीही वर्षं भटकलात तरी विरळ हवेचा अनुभव मिळत नाही, कारण तेवढी उंचीच तिथे नाही. गोसाईंकुंडाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच.

त्यात आपली सवय आडवी येते. शुक्रवारी रात्री गाडी पकडायची, पहाटे पायथ्याशी, दुपारी माथ्यावर, रविवारी रात्री घरी. सह्याद्रीत ही सवय चालून जाते. इथे तीच सवय घेऊन आलेली तगडी मुलं आजारी पडताना दिसतात, आणि सावकाश चालणाऱ्या पन्नाशीच्या काकू कुंडापर्यंत व्यवस्थित पोहोचतात. दम चांगला असला की माणूस भरभर वर जातो, आणि भरभर वर जाणं हेच इथलं दुखणं आहे. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला काही रात्री लागतात. तंदुरुस्तीने त्या रात्री कमी होत नाहीत. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

मग किती दिवस धरायचे?

काठमांडू ते काठमांडू आठ दिवस धरा. पाच दिवसांत करून आणणारे कार्यक्रम सर्रास विकले जातात. त्यात धुंचेहून निघाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस ४३८० मीटरवर झोपतो. असा कार्यक्रम घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

डोंगरात फिरणारे डॉक्टर साधारण हा नियम सांगतात: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, महत्त्वाचं आहे ते झोपता कुठे.

हा नियम या वाटेवर कसा बसवायचा? पहिला दिवस काठमांडू ते धुंचे, गाडीत हाडं खिळखिळी होण्यात जातो. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण थेट चंदनबारी (३३३० मीटर) गाठतात. ही १३०० मीटरची सलग खडी चढण आहे, सहा-सात तासांची. त्याऐवजी मध्ये देउराली किंवा धिम्सा इथे मुक्काम करावा आणि चंदनबारीला तिसऱ्या दिवशी आरामात पोहोचावं. चौथा दिवस चंदनबारीतच. लोक याला वाया गेलेला दिवस म्हणतात, पण सगळ्या ट्रेकमधला सगळ्यात कामाचा दिवस हाच. सकाळी चोलांगपाटीच्या दिशेने दोन तास वर जा, बसा, खाली येऊन झोपा. पाचव्या दिवशी लौरीबिनायक (३९१० मीटर). सहाव्या दिवशी पहाटे निघून कुंड गाठा, दोन-तीन तास तिथे घालवा आणि झोपायला परत लौरीबिनायकला या. सातव्या दिवशी धुंचे, आठव्या दिवशी काठमांडू.

कुंडाकाठी रात्र काढायचीच असेल तर पाचवी रात्र बरी गेली पाहिजे आणि हातात एक दिवस शिल्लक पाहिजे. माझं मत विचाराल तर लौरीबिनायकची संध्याकाळ काठावरच्या थंडगार रात्रीपेक्षा कितीतरी चांगली.

उंची लागली हे ओळखायचं कसं?

डोकेदुखी हे पहिलं लक्षण. तिच्या जोडीला भूक मरणं, मळमळ, चक्कर, विनाकारण थकवा. ३००० मीटरच्या वर डोकं दुखत असेल आणि जेवण नको वाटत असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती उंचीच आहे असं समजून चालायचं. ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल, काल पाणी कमी प्यायलो, ही कारणं नंतर.

चंदनबारीच्या लॉजमधलं संध्याकाळचं दृश्य बघा. मध्ये पत्र्याची शेगडी, वर तारेवर वीसेक मोजे वाळताहेत, भोवती सगळे दाटीवाटीने बसलेत. दिदी डाळभात वाढते. एक जण ताटातला भात बोटांनी नुसता इकडून तिकडे सरकवतो आहे. विचारलं तर म्हणतो, ‘डोकं थोडं जड आहे, बाकी काही नाही.’ ग्रुपमध्ये कुणाला सगळ्यांचा खोळंबा करायचा नसतो, त्यामुळे हे ‘बाकी काही नाही’ अगदी मनापासून बोललं जातं. ज्याच्या ताटात भात उरतो त्याच्याकडे लीडरने लक्ष ठेवावं. दुसऱ्या दिवशी त्याला वर नेऊ नये. तिथेच थांबवावं, आणि त्रास वाढला तर खाली आणावं.

खरा धोका पुढच्या दोन अवस्थांत आहे. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस बरळतो, झिंगल्यासारखा चालतो. परीक्षा सोपी: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर एक मिनिटही घालवू नका. फुप्फुसात पाणी होतं तेव्हा बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात. दोन्हींवर उपाय एकच, ताबडतोब खाली. रात्रीचे दोन वाजले असले तरी बॅटरी लावून खाली. सकाळची वाट बघण्यात माणसं गेली आहेत. आजारी माणसाला कधीही एकटं खाली पाठवू नये.

कापूर, लसणाचं सूप, डायमॉक्स... यातलं काय घ्यावं?

कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. लसणाचं सूप वाटेवरच्या लॉजमध्ये मिळतं. ते गरम असतं, पोटात पाणी जातं, म्हणून जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर एक दिवस कमी करू नका.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, हे खरोखर काम करणारं औषध आहे. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर हे आवर्जून सांगावं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, तेवढ्याने घाबरू नये. गोळी घेतली म्हणून कार्यक्रम आवळायला मात्र ती परवानगी देत नाही.

झोपेच्या गोळ्या आणि दारू वर नको. रक्सी आणि छ्यांग लॉजवाले प्रेमाने विचारतात. धुंचेला परत आल्यावर हवी तर घ्या.

ऑक्सिमीटर न्यावा का?

न्यायला हरकत नाही, पण बोटांत अडकवून आकड्यांची स्पर्धा लावू नका. चार हजार मीटरवर ८५ च्या आसपासचा आकडा बऱ्याच धडधाकट माणसांनाही दिसतो. गार बोटांवर यंत्र चुकीचंही दाखवतं. आकडा चांगला आणि माणूस मलूल असेल, तर माणसाकडे बघून निर्णय घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. आकाश स्वच्छ, वाट कोरडी. रात्री पारा शून्याखाली जातो.

मार्च ते मे हा दुसरा हंगाम. चोलांगपाटीच्या खालच्या जंगलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. मात्र मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्येही, कुंड गोठलेलं असतं आणि लौरीबिनायकच्या पुढची वाट बर्फाखाली असते. ही वाट कड्याच्या अंगाने जाते. तिथे कडक बर्फ असेल तर पायाखाली क्रॅम्पॉनसारखं (बुटाला बांधायचे लोखंडी दाते) काहीतरी हवं, आणि नसेल तर परत फिरावं. डिसेंबर ते फेब्रुवारीत वरचे बरेचसे लॉज बंद असतात. जून ते ऑगस्ट पाऊस, जळवा आणि रस्त्यावर दरडी.

जनै पूर्णिमेच्या यात्रेला गेलं तर?

आपली नारळी पौर्णिमा तीच तिथली जनै पूर्णिमा. आपल्याकडे श्रावणीला जानवं बदलतात, तसंच तिथेही. मनगटावर पवित्र दोरा बांधतात. त्या दिवशी हजारो यात्रेकरू कुंडावर असतात. समुद्रमंथनातलं हलाहल प्यायल्यावर कंठाचा दाह शमवायला शंकराने त्रिशूळ मारून इथे पाणी काढलं, अशी कथा आहे. कुंडातून निघणारं पाणी पुढे त्रिशूली नदीला मिळतं. मोरपिसांचा साज घातलेले तामांग झांक्री, म्हणजे तिथले भगत, ढ्यांग्रो हा हातढोल वाजवत, नाचत रात्रभर वर चढतात. हिंदू आणि बौद्ध दोघांचंही हे तीर्थ आहे. डोळ्यांनी बघण्यासारखा सोहळा आहे, यात शंका नाही.

पण ट्रेक म्हणून हा सगळ्यात कठीण काळ. भर पावसाळा, लॉज खचाखच भरलेले, आणि भोवतालचे सगळे दोन दिवसांत वर जात असतात, त्यामुळे आपणही जावंसं वाटतं. यात्रेत उंची लागलेले लोक इतके असतात की हिमालयन रेस्क्यू असोसिएशन तिथे तात्पुरतं आरोग्य शिबिर चालवत आली आहे. जायचंच असेल तर पूर्णिमेच्या पाच-सहा दिवस आधीच धुंचे सोडा आणि गर्दीच्या वेगाने चालू नका.

कुंडात स्नान करायचं आहे. चालेल का?

श्रद्धा असेल तर करा, पण भर उन्हात, वारा पडलेला असताना, काठाशीच, आणि कोरडे कपडे घेऊन सोबती उभा असताना. डुबकी मारून लगेच बाहेर. पोहायला जाऊ नका, इतक्या थंड पाण्यात दम एकदम कोंडतो आणि हातपाय लवकर बधिर होतात. आदल्या रात्री डोकं दुखत होतं त्यांनी ओंजळभर पाणी डोक्यावर घ्यावं, तेवढ्याने स्नान घडलं असं समजावं.

साबण, शाम्पू, तेलाचे दिवे, प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य, यातलं काहीही पाण्यात सोडू नका. वर्षातले कित्येक महिने हे पाणी गोठलेलं असतं. अशा थंडीत कुजण्याची क्रिया फार मंद चालते, आणि टाकलेलं वर्षानुवर्षं तिथेच राहतं. पूजा करायची तर फुलं-अक्षता काठावर वाहा आणि वेष्टनं खिशात घालून खाली आणा.

वाटेत काय काय बघायला मिळतं?

धुंचेतून निघाल्यावर आधी ओढ्याच्या पुलाकडे उतार, मग अंगावर येणारी चढण. झाडी दाट होत जाते, ओक, मग गुरांस, मग फर. चंदनबारीला जुना गोम्पा (बौद्ध मठ) आहे, आणि चीजचा कारखाना. तिथलं चीज विकत घ्या, वाटेत भाकरीसारख्या जाड तिबेटी रोटीबरोबर खायला उत्तम. चोलांगपाटीच्या परिसरात रेड पांडाचा वावर आहे. दिसेलच असं नाही, पण पहाटे गप्पा न मारता चाललात तर शक्यता वाढते. डांफे (मोनाल) हा रंगीबेरंगी पक्षी मात्र बऱ्याच जणांना दिसतो.

लौरीबिनायकला झाडं संपतात आणि सगळं आकाश उघडं पडतं. उत्तरेला लांगटांग लिरुंग, पश्चिमेला गणेश हिमाल, त्यामागे मनास्लू. संध्याकाळी खालची दरी ढगांनी भरून जाते. मराठी मंडळी गणेश हिमालकडे बघत हमखास हात जोडतात, ७४२२ मीटरचा गणपती एरवी कुठे बघायला मिळणार?

तिथून पुढे वाट कड्याला धरून जाते. आधी उजवीकडे खूप खाली सरस्वती कुंड दिसतं, मग भैरव कुंड, आणि एका वळणानंतर समोर गोसाईंकुंड. पाण्यातल्या एका खडकात लोकांना पहुडलेले महादेव दिसतात. काठावर शिवाचं छोटं ठाणं आहे, घंटा आहेत. दम लागलेला असतो, तरी प्रत्येक जण आधी घंटेपाशी जातो आणि मगच सॅक उतरवतो.

कागदपत्रं आणि परवाने?

भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना प्रौढांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. एकट्या आधार कार्डावर भरवसा ठेवून विमानतळावर जाऊ नका. परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या मंडळींना व्हिसा घ्यावा लागतो, बहुतेक देशांच्या नागरिकांना तो काठमांडूच्या विमानतळावर मिळतो.

लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशपत्र घ्यावं लागतं. सार्क देशांच्या नागरिकांना ते इतर परदेशी लोकांपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ओळखपत्र हाताशी ठेवा. धुंचेच्या अलीकडे चौकीवर सामान तपासतात. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम आहे. नियम नसता तरी मी गाइड घ्यायलाच सांगितलं असतं. बर्फ पडल्यावर कुठून जायचं आणि कोणता लॉज उघडा आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.

मुंबई-पुण्याहून पोहोचायचं कसं?

मुंबईहून काठमांडूला थेट विमान मिळतं, नाहीतर दिल्लीमार्गे. रेल्वेने जायचं तर कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली सीमा, आणि पुढे बस. दोन दिवस जातात.

काठमांडूहून धुंचे जेमतेम १२० किलोमीटर आहे, पण रस्ता असा की दिवस मोडतो. काठमांडूतल्या माछापोखरी बसथांब्यावरून सकाळी बस सुटतात. चौघे-पाच जण असाल तर जीप करा. पावसाळ्यात दरडींमुळे खोळंबा होतो, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

राहणं, खाणं, पैसे, फोन?

सगळ्या मुक्कामांवर साधे लॉज आहेत. दोन खाटा, उशी, जाड पांघरूण. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, डाळभात-तरकारी दोन्ही वेळा मिळतो आणि पुन्हा वाढतात. सोबत मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, वर तोंडाची चव जाते तेव्हा गरम भाताबरोबर तेवढंच पोटात जातं.

उंचीनुसार भाव वाढतात आणि ते रास्त आहे, सगळं पाठीवरून किंवा खेचरावरून वर येतं. एक भारतीय रुपया म्हणजे १.६ नेपाळी रुपये. रोकड काठमांडूतूनच न्या, धुंचेच्या वर एटीएम नाही. नेपाळ टेलिकॉमचं सिम तुलनेने बरं चालतं.

आईवडिलांना किंवा मुलांना नेता येईल का?

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर. तब्येत ठीक असलेले साठीचे लोक सावकाश जाऊ शकतात. त्यांना त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो. चंदनबारी ते धुंचे १३०० मीटर सलग उतार आहे, गुडघे बोलायला लागतात. दोन काठ्या घ्याच. आणि निघण्याआधी दोन महिने पाठीवर वजन घेऊन सिंहगड किंवा पर्वती चढा-उतरा, उतरण्याचा सराव मुद्दाम करा. अगदी लहान मुलांना नेऊ नका, डोकं दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही.

ज्यांना वर जाणं शक्यच नाही त्यांना काठमांडूला लागून असलेल्या पाटणच्या कुंभेश्वर मंदिरात न्या. तिथल्या कुंडात गोसाईंकुंडाचं पाणी येतं अशी श्रद्धा आहे, आणि जनै पूर्णिमेला तिथेही मोठी यात्रा भरते.

विमा काढावा का?

हो, आणि त्यात ४५०० मीटरच्या वरपर्यंत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्दांत लिहिलेलं आहे का ते बघा. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार नेपाळमध्ये २०१८ साली उघडकीला आले होते. पायी खाली उतरता येत असेल तर उतरा. चालता येत नसेल तेव्हा मात्र पैशांचा विचार करत बसू नका.

परत न फिरता खिंडीपलीकडच्या हेलंबू भागाकडे उतरलं तर?

सूर्य कुंडावरून लौरीबिना खिंड (४६१० मीटर) ओलांडून फेदी, घोप्ते, थारेपाटी, कुतुमसांग करत सुंदरीजलला उतरता येतं. आणखी चार दिवस लागतात. खिंडीच्या पलीकडचा भाग निर्जन आणि चढउताराचा आहे, धुकं आणि बर्फात वाट हरवते. हवा खात्रीची असेल आणि गाइड त्या वाटेचा जाणकार असेल तरच.

पोर्टर घेतला तर काय काळजी घ्यावी?

दोन जणांमागे एक पोर्टर पुरतो. ओझं २० किलोच्या आसपास ठेवा. त्याच्याकडे गरम जॅकेट, हातमोजे, बर्फात चालतील असे बूट आहेत का, हे धुंचेतच बघा. नसतील तर तिथेच घेऊन द्या. त्याचा विमा एजन्सीने काढला आहे का ते विचारा. बरेच पोर्टर सखल भागातल्या गावांतून आलेले असतात, त्यांनाही तुमच्यासारखीच उंची लागते, आणि रोजगार बुडेल म्हणून ते बोलत नाहीत. रात्री जेवताना आपल्या लोकांना विचारता तसं त्यालाही विचारा, ‘दाइ (दादा), डोकं दुखतंय का?’ दुखत असेल तर त्याला कुणाच्या तरी सोबतीने खाली पाठवा आणि ठरलेले सगळे पैसे द्या.